भंगारात निघालेल्या गाडीची ‘रिकामी’ टाकी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या ऑटोनगरापासून थेट निपाणीपर्यंत भंगाराच्या आवारांत जुन्या मारुती, ओम्नी, इंडिका कटिंगला लागलेल्या दिसतात. गाडी आली की आधी गॅस कटर पेटतो, टाकीचं नंतर बघू म्हणतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘टाकी रिकामीच आहे.’ नेमकी तीच धोक्याची.

पेट घेते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत ती साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की भडका उडतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. ‘रिकाम्या’ टाकीत मात्र ती भरपूर असते, आणि काटा पार खाली टेकला तरी तळाशी लिटर-दोन लिटर राहतंच. त्यातलं एक लिटर पूर्ण उडालं तर १० बाय १० ची निम्मी खोली पेट घेण्याजोगी होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून पिटात (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात), गटारीत उतरून बसते. तेव्हा हे काम पिटावर किंवा शटर ओढून नको. उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल तिथे करा.

इंजेक्शनची (कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी) गाडी सुरू होत असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या. लाइनमध्ये तीन-चार बारचं प्रेशर असतं, ते उतरतं. बंद गाडीत आधी बॅटरीची केबल काढा, मगच पेट्रोल लाइनच्या जॉइंटवर जाड फडकं गुंडाळून हळू सैल करा, नाहीतर फवारा थेट डोळ्यांत. सुरू गाडीत इंजिन बंद पडल्यावर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, बहुधा १० नंबरचा पाना लागतो. हे टाकी उघडण्याआधीच व्हायला हवं, कारण टर्मिनल सुटताना ठिणगी पडू शकते.

तोंडाने नळी ओढण्याची सवय मात्र सुटायलाच हवी. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखा आजार होतो. गिळलं गेलं तर ओकारी काढायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या. तसंही बऱ्याच नव्या गाड्यांत भरायच्या तोंडातून नळी आत जातच नाही. मागच्या सीटखाली पत्र्याचं झाकण असेल तर त्याखालून पंप काढा आणि हातपंपाची नळी तळापर्यंत सोडा. काही जुन्या टाक्यांना खाली ड्रेन बोल्ट असतो, तो सगळ्यात सोपा. पाण्याची छोटी मोटर लावून पेट्रोल ओढणं म्हणजे ठिणगी हाताने आत सोडणं. छिन्नीने किंवा साध्या ड्रिलने भोक पाडणंही तसंच. त्यासाठी दाबाच्या हवेवर चालणारं, ठिणगी न पाडणारं ड्रिल मिळतं.

पेट्रोल प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊ नका, स्थिर वीज साठते. पत्र्याचा डबा जमिनीवर टेकवा आणि तारेने गाडीच्या उघड्या पत्र्याला जोडा. टेरिलीनच्या शर्टापेक्षा सुती बरा.

टाकी उतरवल्यावर तिची सगळी तोंडं बुचाने बंद करा. फिल्टर, लाइन, कार्बोरेटरची वाटी आणि चारकोलचा डबा (टाकीतली वाफ शोषणारा) यांतही पेट्रोल किंवा वाफ राहते, तेही कटर लावण्याआधी बाहेर काढा. पाण्याने एकदा विसळली म्हणून टाकीला कटर लावू नये. चिकट गाळाखालचं पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ धरतं. आच न लावता प्रेसखाली चेपणं उत्तम.

काढलेलं पेट्रोल लगेच दुचाकीत ओतू नका. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं घेऊन तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर तो पाणी आणि इथेनॉलचा. वार्निशसारखा वास आला तर पेट्रोल शिळं झालंय. फडक्यातून गाळून या दोन्हींवर उपाय होत नाही. विनापरवाना घरगुती साठ्याची मर्यादा पेट्रोलियम कायद्यात ३० लिटर आहे, तीही विक्रीसाठी नसेल तर. एका धातूच्या डब्यात २५ लिटरपेक्षा जास्त नको. वाया गेलेलं पेट्रोल किंवा काळं ऑइल गटारीत सोडलं तर बळ्ळारी नाल्यातून ते वडगाव-शहापूरच्या भातशेतीत जातं, आणि पावसाळ्यात तो नाला शिवारात शिरतो हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर सिलिंडरला हात लावू नका. सीएनजी सुमारे २०० बार दाबाचा असतो. तो उतरवणं किटच्या जाणकाराचंच काम.

गाडी बेळगावच्या केए २२ ची असो वा कोल्हापूरच्या एमएच ०९ ची, नियम केंद्राचाच. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, मिळतं. १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे स्वतंत्र पर्यावरण नियमही लागू झालेत. पण कागदोपत्री नियम कटर धरणाऱ्या पोराच्या हाती पोचत नाहीत. निदान आवारात तरी एक पद्धत पाडावी : टाकी उतरवलेल्या गाडीच्या काचेवर ऑइल पेंटने मराठी आणि कन्नडमध्ये ‘टाकी काढली’ आणि तारीख लिहावी. ज्या गाडीवर तसं लिहिलेलं नाही, तिच्याजवळ कटरच्या सिलिंडरची ट्रॉली नेऊ नये.

आपले,
जुन्या गाड्या खोलण्याच्या कामातले काही मेस्त्री,
ऑटोनगर परिसर, बेळगाव