सोडतीत निघालेला खटला

तीर्थस्वरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी सहज बोलून गेले की इथे फिलिपिन्समध्ये ऑफिसच्या वाटेवर मला रोज केझोन सिटीचे न्यायालय लागते, तर बाबांनी लगेच विचारले, "तिथे खटल्यांच्या यादीचा बोर्ड आदल्या दिवशी लागतो की सकाळी?" ते मला ठाऊक नाही. मात्र त्या इमारतीशी निगडित एका न्यायाधीशबाईंविषयी मी थोडेसे सांगायला लागले, तेवढ्यात आईने मध्येच विचारले, "त्यांना भीती वाटली नसेल का गं?" आणि नेमका तिथेच फोन तुटला. राहिलेले सगळे आज नीट लिहून पाठवते, कारण हा विषय फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखा नाही आणि जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला तो अर्धवट सांगणे बरेही नाही.

त्यांचे नाव जोसेलिन सोलिस-रेयेस. त्या इथल्या प्रादेशिक न्यायालयाच्या शाखा क्रमांक २२१ च्या न्यायाधीश होत्या. आपल्याकडच्या सत्र न्यायाधीशासारखे हे पद आहे. इथेही ज्युरी नसते, साक्षीपुरावा ऐकून एकटा न्यायाधीशच निकाल देतो.

त्यांच्यापुढे चाललेल्या ज्या खटल्याविषयी मी सांगत होते, त्यातली घटना २३ नोव्हेंबर २००९ ची आहे. देशाच्या दक्षिणेला मिंदानाव बेटावर तेव्हा मागिंदानाव नावाचा प्रांत होता, आणि तिथे अंपातुआन घराण्याचा असा वचक होता की वडील प्रांताचे गव्हर्नर, एक मुलगा त्या संपूर्ण स्वायत्त मुस्लिम प्रदेशाचा गव्हर्नर आणि दुसरा मुलगा एका नगरपालिकेचा महापौर होता. इस्माएल मंगुदादातू यांनी गव्हर्नरपदासाठी त्यांच्याविरुद्ध उभे राहायचे ठरवले. धमक्या येत होत्या, म्हणून उमेदवारी अर्ज दाखल करायला ते स्वतः गेले नाहीत. बायकांच्या अंगावर कोणी हात टाकणार नाही, या तिकडच्या जुन्या समजुतीवर विसंबून त्यांनी पत्नी, बहिणी आणि दोन महिला वकिलांना पुढे पाठवले, आणि सोबत साक्षीदार म्हणून पत्रकारांना घेतले. निवडणूक कार्यालयाच्या वाटेवर शंभराच्या आसपास सशस्त्र माणसांनी हा ताफा अडवला आणि मुख्य रस्त्यापासून आत, मासालाय नावाच्या टेकडीवर नेऊन सर्वांना ठार केले. एकूण ५८ माणसे गेली, त्यांपैकी ३२ वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर काम करणारी होती. सहा जण तर नुसते वाटसरू होते. त्यांची गाडी त्याच रस्त्यावरून चालली होती, एवढाच त्यांचा दोष. ज्या बॅकहोने खड्डे खणून प्रेते आणि गाड्या पुरल्या, तो प्रांत सरकारच्या मालकीचा होता. आपल्या जिल्हा परिषदेचा जेसीबी या कामाला वापरला गेला, अशी कल्पना करून पाहा.

एवढी मोठी असामी आरोपी असताना खटला त्याच मुलखात चालवणे शक्यच नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो राजधानीच्या भागात, केझोन सिटीला वर्ग केला. बाबा, इथली रीत अशी की कोणता खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाणार हे सोडतीने ठरते. पहिल्या सोडतीत ज्यांचे नाव निघाले त्यांनी स्वतःच्या कुटुंबाच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन खटल्यातून अंग काढून घेतले. मी त्यांना नावे ठेवणार नाही. घरी लहान मुले असलेल्या माणसाने काय करावे, हे दुसऱ्याने लांबून सांगू नये. दुसऱ्या सोडतीत सोलिस-रेयेस यांचे नाव आले. त्यांनी फाइल घेतली.

बाहेरच्या जगाला त्यांचे धैर्य निकालाच्या दिवशी दिसले. मला मात्र ते त्याआधीच्या दहा वर्षांत अधिक दिसते, आणि ते बाबांनाच खरे कळेल असे वाटते. ५ जानेवारी २०१० रोजी कॅम्प क्रामे या पोलीस तळावर सुनावणी सुरू झाली, आणि पुढे ती तागिगच्या कॅम्प बागोंग दिवा या तळाच्या आवारात, जिथे आरोपींना तुरुंगात ठेवले होते तिथेच, खास न्यायदालनात होऊ लागली. आरोपपत्रात १९७ नावे होती. प्रत्येक आरोपीचा वेगळा वकील, प्रत्येकाचा वेगळा जामीन अर्ज, प्रत्येक अर्जावर सरकारी वकिलाचे म्हणणे, त्यावर उत्तर, मग पुनर्विचाराचा अर्ज. वकीलपत्रे बदलत गेली, आणि बाईंनी स्वतःच खटल्यातून दूर व्हावे असेही अर्ज आले, ते त्यांनी फेटाळले. तुम्ही म्हणायचात ना, की खून खटल्यात दोन आरोपी वाढले की रोजनामा चौपट वाढतो. मग इथले दप्तर केवढे झाले असेल! शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याकडे नवे खटले पाठवणे थांबवून हाताखाली मदतीचे न्यायाधीश दिले, तेव्हा कुठे त्यांना थोडी उसंत मिळाली.

बाहेर तोवर साक्षीदार मरत होते. २०१० मध्ये एक जण साक्ष देण्याआधीच मारला गेला. हल्लेखोरांना गाडीतून नेल्याची साक्ष ज्या वाहनचालकाने न्यायालयात दिली होती, त्याचे तुकडे केलेले प्रेत २०१२ मध्ये सापडले. आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी याच्या आसपास कुठेतरी शोधते आहे. पुढच्या तारखेला त्याच दालनात जाऊन त्याच खुर्चीवर बसणे आणि पुढच्या साक्षीदाराला शपथ घ्यायला सांगणे, हे काम भीती न वाटणारे माणूस करत असेल असे मला वाटत नाही. मला आपल्या घरातली ती संध्याकाळ आठवते. बाबांकडे मुद्देमालाचे रजिस्टर होते, आणि कुणीतरी मिठाईचा पुडा घेऊन दारात उभे होते. तू पदराला हात पुसत पुढे झालीस, "साहेब घरी नाहीत" म्हणालीस (बाबा आतल्या खोलीतच होते) आणि पुडा उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावून परत न्यायला लावलास. दार लावल्यावर तुझा हात थरथरत होता, ते मी पाहिले होते. तुला त्याची आठवण असेल-नसेल, मी तेव्हा सातवीत होते.

या बाईंविषयी मला सर्वाधिक पटणारी गोष्ट वेगळीच आहे. लोकांच्या रागाच्या लाटेवर त्या वाहत गेल्या नाहीत. अंपातुआन घराण्यातला धाकटा मुलगा साजिद याच्याविरुद्धचा पुरावा जामीन नाकारण्याइतका भक्कम नाही, असे दिसल्यावर त्यांनी त्याला जामीन दिला; प्रत्येक खुनामागे दोन लाख याप्रमाणे १ कोटी १६ लाख पेसोंच्या जामिनावर तो २०१५ मध्ये बाहेर आला. त्यावर मृतांच्या नातेवाइकांना संताप आला, आणि तो आपणही समजू शकतो. वडील त्याच वर्षी, निकाल लागण्याआधीच, आजारपणात वारले.

ऑगस्ट २०१९ मध्ये खटला निकालासाठी बंद झाला. ९० दिवसांची मुदत अपुरी पडली, म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडून आणखी ३० दिवस मागून घेतले आणि १९ डिसेंबरला, वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, निकाल दिला. निकालपत्र ७६१ पानांचे आहे. त्यात दोघे भाऊ, म्हणजे प्रदेशाचा गव्हर्नर झाल्दी आणि महापौर अंदाल ज्युनियर, यांच्यासह २८ जणांना ५७ खुनांसाठी पॅरोलशिवाय जन्मठेप झाली, जी इथे ४० वर्षांपर्यंतची असते. फाशी या देशाने २००६ मध्येच रद्द केली आहे. १५ जणांना साहाय्यक म्हणून कमी शिक्षा झाली, आणि पन्नासहून अधिक जण, त्यात तो साजिदही, सुटले. जवळजवळ ८० आरोपी तेव्हाही फरारच होते, त्यामुळे टेकडीचा हिशोब पुरा झाला असे कुणी म्हणाले नाही.

५८ माणसे गेली आणि शिक्षा ५७ खुनांची, हे बाबांच्या लगेच लक्षात आले असेल. अठ्ठावन्नावे रेनाल्डो मोमाय, ६१ वर्षांचे छायाचित्रकार. त्यांचे शव कधीच सापडले नाही. त्या टेकडीवर एक कवळी सापडली होती आणि ती त्यांचीच आहे, असे घरच्यांचे म्हणणे होते. पण मोमाय तिथेच मारले गेले हे पुराव्याने सिद्ध झाले नाही, असे बाईंनी लिहिले आणि त्यांच्या खुनाबद्दल कुणालाही दोषी धरले नाही. सारा देश ज्या आकड्याला ५८ म्हणत होता, तो आकडा निकालपत्रात एकाने कमी झाला. हे वाचले तेव्हा मला प्रथम त्या बाईंचा राग आला. घरच्या माणसाला बापाची कवळी ओळखता येणार नाही का? नंतर दोन-तीन दिवस मी तोच विचार करत राहिले आणि मग असे वाटले की, ज्या पट्टीने त्यांनी ५७ खुनांची शिक्षा दिली, तीच पट्टी अठ्ठावन्नाव्याला लावताना त्यांनी ती वाकवली असती, तर अपिलात आरोपींच्या वकिलांना धरायला एक टोक मिळाले असते. तरीही मनातून तो राग पुरता गेलेला नाही, हे तुमच्यापासून का लपवू?

त्यांच्या खासगी आयुष्याविषयी मी इथे लिहीत नाही. ज्या आयुष्याने मला हे पत्र लिहायला लावले ते त्या दालनातलेच आहे. एखाद्या न्यायाधीशाच्या उमेदीच्या वर्षांतली सलग दहा वर्षे एकाच खटल्यात जावीत, हे तुमच्या कोर्टात कधी घडले होते का?

बाबा, आणखी एक विचारायचे आहे, आणि ते फोनवर नको, सवडीने लिहूनच कळवा. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या खटल्यात प्रेत न सापडता खुनाची शिक्षा झाली होती का? झाली असेल तर न्यायाधीशांनी कशाचा आधार घेतला होता? तुमच्या जुन्या वह्यांत टिपण असेल तर तेही पाठवा. आणि आई, गुडघ्याला तेल लावायचे टाळू नकोस. थंडी सुरू व्हायच्या आत डॉक्टरांना एकदा दाखवून ये.

तुमची लेक