वनचौकीचे सौरगणित जुलैवर मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्याजवळच्या येऊरसारख्या संरक्षित जंगलातील वनचौक्या आणि माहिती केंद्रांवर सौरऊर्जा हवीच. डिझेल जनरेटरचा आवाज आणि झाडांतून ओढलेल्या तारा तिथे नकोत. पण कामाची मागणी बहुधा 'इतके किलोवॅट' अशी लिहिली जाते. चौकीला लागतात रोजची युनिटे, तीही जुलैत. १ किलोवॅटची पॅनेल आपल्याकडे एप्रिलमध्ये दिवसाला ४ ते ५ युनिटे देतात, पावसाळ्यात साधारण २, आणि झड लागली की एकाहून कमी.

म्हणून आधी खप मोजावा. ९ वॅटचे ६ दिवे ५ तास म्हणजे २७० वॅट-तास (हजार वॅट-तासांचे एक युनिट). ३० वॅटचे ३ बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे १० तास चालले तर ९००. तेच जुने ७५ वॅटचे असतील तर २,२५०. तेव्हा पहिला खर्च पंख्यांवर. बिनतारी संच आणि मोबाईल धरून दीड-पावणेदोन युनिटे होतात. त्याला दीड किलोवॅटची पॅनेल आणि ४८ व्होल्ट, १०० अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी दोन ढगाळ दिवस तारून नेते. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली रिकामी करू नये, म्हणून १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांच्या ४ लागतील, शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालायला माणूस. लांबच्या चौकीत तो बहुधा नसतोच.

जागेची पाहणी एप्रिलमध्ये करणे ही तर हमखास फसगत. साग आणि ऐन ही झाडे तेव्हा निष्पर्ण असतात आणि छप्पर लख्ख उन्हात दिसते. जुलैत तिथेच दाट सावली. ओळीने जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर फांदीची सावली पडली तरी साऱ्या ओळीचे उत्पादन घटते. डिसेंबरमध्ये ठाण्यात भर दुपारचा सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेकडचे झाड जेवढे उंच, जवळपास तेवढे अंतर मोकळे हवे. नसेल तर झाड तोडण्याऐवजी पॅनेल जवळच्या मोकळ्या जागी न्यावीत आणि केबल जाड घ्यावी. पॅनेलचा कल १० ते १५ अंश पुरे; त्याहून सपाट ठेवल्यास पाणी आणि पाचोळा साचतो.

माकडे लोंबणाऱ्या तारा ओढतात, म्हणून केबल लोखंडी पाइपातून न्यावी. पाली इन्व्हर्टरमध्ये शिरून शॉर्टसर्किट करतात. हवेची भोके बारीक जाळीने बंद करावीत. वळवाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे उपकरण) आणि पक्के अर्थिंग लागते. येऊरच्या कातळात अर्थिंग एका खड्ड्यात भागेलच असे नाही, त्याचा रोध मोजूनच ठरवावे.

ऐरोलीच्या खाडीकाठी दुखणे वेगळे. खाऱ्या हवेत साधे बोल्ट गंजतात. ३१६ प्रतीचे स्टेनलेस आणि आयईसी ६१७०१ क्षार-चाचणी झालेली पॅनेल मागावीत. तिथे महावितरणची वीज असेल तर नेट मीटरिंग (जादा वीज महावितरणला देऊन बिलात वळती करणे) सोपे. मात्र बॅटरीविना साधा ग्रिड-टाय (महावितरणच्या वीजजाळ्याला जोडून चालणारा) इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, हे आधीच सांगितले जात नाही. फ्लेमिंगो अभयारण्याच्या कडेला पवनचक्कीचा विचारही नको. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर, २,७०० केल्व्हिनच्या आतले असावेत.

निविदेत ५ वर्षांची देखभाल धरावी आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता जुलै-ऑगस्टच्या रोजच्या युनिट-नोंदी पाहूनच द्यावा.

— एक विद्युत अभियंता, ठाणे (प.)