बर्फात न गोठणारा मासा

मा. संपादक,

हर्णे बंदरात संध्याकाळी लिलाव भरतो, तेव्हा माझे काही विद्यार्थी आईला टोपल्या उचलू लागतात. मासा हातातून का निसटतो, हे त्यांना शिकवावं लागत नाही. पण ती बुळबुळ म्हणजे मुख्यतः म्युसिन, साखरेच्या साखळ्या जडलेलं प्रथिन, अर्थात ग्लायकोप्रोटीन, असं सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात.

आर्थर डेव्हरीस हे नाव मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. १९६० च्या दशकात हा तरुण संशोधक अंटार्क्टिकात गेला. तिथलं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं; आपल्या बांगड्याचं रक्त त्याच्या कितीतरी आधी गोठेल. मग तिथले मासे जगतात कसे? उत्तर त्यांच्या रक्तातच होतं. एक ग्लायकोप्रोटीन बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटतं आणि त्यांना वाढूच देत नाही. १९६९ मध्ये यावरचा शोधनिबंध आला, आणि पुढे कित्येक दशकं त्यांनी हाच विषय धरून ठेवला. हे प्रथिन यकृतात बनतं, असं बराच काळ मानलं जाई. २००६ मध्ये ख्रिस्टिना चेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते मुख्यतः स्वादुपिंडात बनतं. एका माशाच्या रक्तापायी इतकी वर्षं! मला हे फार मोठं वाटतं.

आपल्या रविवार पुरवणीत अशा संशोधकांसाठी एक कोपरा द्यावा, ही विनंती. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या प्राध्यापकांकडून लिहून घ्यावं. पहिला लेख मी वर्गात फळ्याशेजारी चिकटवीन.

– एक शिक्षिका, हर्णे (ता. दापोली)