ओट्यावरची पट्टी आणि आईचं डोकं

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तुझी अर्धशिशी आजची नाही. मला आठवतं तेव्हापासून कपाळाला रुमाल करकचून बांधून, खिडक्या लावून तू पडलेली असायचीस. पण दिवाळीआधी स्वयंपाकघराचं काम निघालं, ओट्यावर ती पांढरीफेक एलईडीची पट्टी लागली, आणि तेव्हापासून पोळ्या होता होताच डोकं ठणकायला लागतं असं तू सारखं म्हणतेस. बाबांचा निकाल तयार: "मनाचे खेळ."

बाबा, जरा थांबा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे ती सेकंदाला 50 फेऱ्या मारते, आणि त्यावर थेट चालणारा दिवा दर फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतं. जुन्या पिवळ्या बल्बची तार तेवढ्यात निवत नाही, त्यामुळे उजेड फारसा हलत नसे. चोकवाल्या ट्यूबचा मात्र बराच हलतो. इंग्लंडमध्ये संशोधक आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑफिसातल्या ट्यूबना साधा चोक आणि इलेक्ट्रॉनिक चोक आलटून पालटून लावून पाहिला. इलेक्ट्रॉनिक चोकवर ट्यूब सेकंदाला हजारो वेळा चालते, म्हणून उजेड स्थिर राहतो. डोक्यावर कुठला चोक आहे हे तिथे बसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, तरी इलेक्ट्रॉनिक चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. हे 1989 साली छापून आलंय. मनाचे खेळ म्हणायचे, तर वर कुठला चोक आहे हे मनाला कसं कळलं?

एलईडी मुळात वाईट नाही. चांगल्या बल्बच्या बुडाशी एक ड्रायव्हर असतो, तो वीज सपाट करून पुढे देतो. स्वस्त मालात काटकसर नेमकी तिथेच होते. आपली पट्टी कुठल्या जातीची आहे ते घरबसल्या कळेल. रात्री बाकीचे दिवे बंद करून फक्त पट्टी लावा आणि तिच्याखाली एक पेन्सिल पंख्याच्या पात्यासारखी भराभर हलवा. उजेड स्थिर असेल तर पेन्सिलीचा नुसता धुरकट पट्टा दिसेल. लुकलुकत असेल तर एकीच्या पाच-सहा वेगवेगळ्या पेन्सिली दिसतील. बाबांच्या मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तिचा व्हिडिओ काढा, मग तसाच हॉलमधल्या दिव्याचाही काढा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की फरक असेल तर लपणार नाही.

दुसरं म्हणजे ओट्याचा काळा ग्रॅनाइट. पट्टीला झाकण नाही, तिचा एकेक ठिपका खाली दगडात चमकतो आणि कणीक मळायला वाकलं की थेट डोळ्यांत जातो. तिथे दुधी कव्हरची पट्टी बसवून घ्या. बॉक्सवर 2700 किंवा 3000 के (केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग; आकडा कमी तितका पिवळा) लिहिलेलं पाहा, 6500 नको. अर्धशिशीवाल्यांना पांढऱ्या-निळसर उजेडाचा त्रास जास्त होतो, हे बऱ्याच जणांचं सांगणं आहे. पण पिवळा उजेड म्हणजे लुकलुक नाही असं समजू नका, पेन्सिल त्यालाही लावा.

आई, आता तुझ्याशी. उजेड खुपणं हा अर्धशिशीचाच भाग असतो, आणि पुष्कळांना डोकं दुखायच्या काही तास, कधी दिवसभर आधीपासून तो खुपायला लागतो. म्हणजे पट्टीने डोकं दुखवलं की दुखणं आधीच निघालं होतं म्हणून पट्टी सोसवली नाही, हे एका दिवसावरून ठरत नाही. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितेस ना, तिथेच डोकं दुखलं की फुली मार. झोप झाली नाही, उपास होता, जेवण लांबलं, हेही शेजारी लिही. एकादशीच्या घरात फुल्या दिसल्या तर बिचाऱ्या पट्टीला सोडून देऊ! गोळी घेतलेले दिवसही मांड. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळ्या पोटात जायला लागल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं.

घरात काळा चष्मा मात्र लावत जाऊ नकोस. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही बोचायला लागतो.

बाबा, "अंधारात बसायला घरात सुतक आहे का?" हे तुमचं वाक्य मला ठाऊक आहे. तुमचंही खरं आहे, वय वाढलं की वाचायला उजेड जास्तच लागतो. म्हणून हॉलचा दिवा सौम्य ठेवा आणि तुमच्या खुर्चीशी पेपरापुरता एक टेबललॅम्प घ्या. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा हवाच. आणि गणपतीतल्या माळेच्या डबीवरचं बटण, माळ लुकलुकायची थांबून नुसती तेवत राहील, तिथपर्यंत दाबत जा. ती लुकलुक तर उघड्या डोळ्यांना दिसते, तिचा त्रास या पट्टीपेक्षा जास्त.

एक गोष्ट दिव्यांवर ढकलू नका. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, चावताना जबडा दुखला, नजर अंधुक झाली, किंवा डोळा लाल होऊन दिव्याभोवती रंगीत कडी दिसली आणि उलटी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मला फोन नंतर केलात तरी चालेल.

पट्टी काढायला स्टुलावर चढू नका बाबा, वायरमनला बोलवा. नवीन घेताना दुकानातच पेन्सिल हलवून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

तुमची,
मनू