खडकच बघायला एवढ्या लांब?

एडिंबरा
२४ जून

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "बाबा, नोकरीभर काळा दगडच बघितलात, आणि आता बोटीचं एवढं तिकीट काढून पुन्हा तोच दगड बघून आलात?" उत्तर तयार होतं, पण सईने फोन ओढून घेतला आणि पफिन नावाच्या समुद्रपक्ष्याचं पुराण लावलं. आजोबांचं कोण ऐकतं! म्हणून लिहायला बसलो. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत तू इकडे यायचं म्हणतो आहेस, त्याबद्दलही दोन शब्द सांगायचे आहेत.

प्रवासाचं फार लिहीत नाही, फोटो तू पाहिलेच आहेस. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानहून गाडीसकट मोठ्या फेरीबोटीत चढलो आणि तासाभराच्या आत मल बेटावर उतरलो. पुढे बेटाच्या पश्चिम टोकापर्यंत रस्ता एकपदरी. समोरून गाडी आली की जवळच्या थांब्यात आपली गाडी घालायची आणि दोघांनी एकमेकांना हात करायचा. भावोजींनी दिवसभरात एवढे हात केले की आई म्हणाली, "निवडणुकीला उभे राहा आता." टोकाला फिनफर्ट नावाचं चिमुकलं गाव आहे. समोरच्या आयोना बेटावर इ.स. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून येऊन राहिला, तिथला मठ धक्क्यावरून दिसतो. तो आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. आमचं खरं काम स्टाफा नावाच्या बेटाशी आणि तिथल्या फिंगलच्या गुहेशी होतं.

बोट काही फार मोठी नव्हती, माणसं चाळीसेक असतील. नावाड्याने निघतानाच स्वच्छ सांगितलं, बेटावर उतरता येईल की नाही ते तिथलं पाणी बघून ठरवणार. वारा नसला तरी लांबून आलेली लाट असते, ती धक्क्यापाशी उसळते. मी लगेच पैसे फुकट गेल्याचा हिशोब मांडला. तुझी आई शांत. मालवणच्या माणसाला बोटीत बसवलं की त्याचा चेहराच बदलतो. खाडी सोडून मोकळ्या समुद्रात आलो तशी बोट डोलायला लागली आणि माझा सकाळचा नाश्ता वर यायला लागला. आईच्या पोटातलं पाणीही हललं नाही. तिने मला आलेपाकाची वडी दिली, "लांब क्षितिजाकडे बघा, बोटीत बघू नका" म्हणाली आणि स्वतः नावाड्याच्या खोलीजवळ जाऊन उभी राहिली.

माझी लाज जरा राखली ती मेंडेल्सनने. हा जर्मन संगीतकार १८२९ च्या ऑगस्टमध्ये विशीत असताना इथे आला होता. बरोबर क्लिंगेमान नावाचा मित्र होता. त्याने लिहून ठेवलंय की कलावंत म्हणून मेंडेल्सनचं समुद्राशी बरं जमतं, पण त्याच्या पोटाचं काही जमत नाही. आता गंमत बघ. या बेटांविषयी त्याने जी प्रसिद्ध रचना केली, तिच्या सुरुवातीचे स्वर त्याने घरच्यांना पत्रातून लिहून पाठवले, आणि ते पत्र गुहा बघण्याच्या आदल्या दिवशीचं आहे! म्हणजे गुहेत शिरून सूर सुचले ही लोकांनी नंतर रंगवलेली गोष्ट. सूर बेटांच्या आणि समुद्राच्या नुसत्या दर्शनाने सुचले. पुढे १८३२ मध्ये लंडनला ती रचना वाजली आणि लोकांची इकडे रीघ लागली. कीट्स आणि स्कॉट हे कवी त्याच्याही आधी येऊन गेले होते. व्हिक्टोरिया राणी १८४७ मध्ये आली.

आता तुझ्या दगडाकडे येतो.

बेट पुढ्यात आलं तेव्हा मी पोट विसरलो. स्टाफाचे तीन थर लांबूनच वेगवेगळे दिसतात. खाली ज्वालामुखीच्या राखेचा थर, मधे सरळसोट उभे खांब, आणि वर सगळा गुंता, बारीक वेडेवाकडे खांब एकमेकांत घुसलेले. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो ना, तसेच. पण चिखलाचे तडे वीतभर खोल जाऊन थांबतात, इथे थंडावा जसजसा आत सरकतो तसतशी भेगही आत सरकत जाते. थराच्या खालच्या भागात हे सावकाश झालं, म्हणून तिथे खांब जाडजूड आणि शिस्तीत आहेत. वरचा भाग भराभर निवला, तिथे शिस्त राहिली नाही. बहुतेक खांब षटकोनी, पण सईने मोजायला घेतले तेव्हा पाच आणि सात कोनांचेही बरेच निघाले. निसर्गाला साच्याची एवढी हौस नसते.

हा दगड साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा त्याहून थोडा जुना, साडेसहा कोटींच्या आसपासचा. दोन्ही बेसाल्टच, म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा दगड. आणि तू ज्या अंधेरीत राहतोस ना, तिथे तुझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर गिल्बर्ट हिल आहे. दोनशे फूट उंच, अशाच उभ्या खांबांचा कातळ, चहूबाजूंनी इमारतींनी गिळत आणलेला. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या आहेत. तू एवढी वर्षं तिथे राहून एकदाही गेलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तेव्हा "तोच दगड" म्हणायचा अधिकार तुला सध्या नाही.

पण तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. दगड तोच. मग एवढ्या लांब जाऊन मी नवीन काय पाहिलं?

भूजल खात्यात तीस वर्षं मी भेगाच शोधत हिंडलो. काळा पाषाण सलग लागला की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. त्याला भेग असली, वर मुरूम असला, मधे मांजऱ्याचा, म्हणजे सच्छिद्र खडकाचा, थर असला, तरच पाणी मुरतं आणि विहिरीला लागतं. जमिनीखालच्या भेगा दिसत तर नाहीत. आजूबाजूच्या विहिरींची पातळी आणि बोअरच्या नळीतून वर येणारा भुगा यांवरून अंदाज बांधायचा, बांधून द्यायचा आणि देव पाण्यात घालून बसायचं. स्टाफाला समुद्राने तो कातळ उभा कापून ठेवलाय. आयुष्यभर ज्या भेगा अंदाजाने सांगितल्या त्या तिथे उघड्या होत्या, पायापासून माथ्यापर्यंत. आणि गुहा तरी काय? पाणी भेगेत शिरलं, खांब सैल झाला, पडला, लाटेने नेला. मग शेजारचा. शेजारचा गेला की त्याच्या मागचा.

आपल्याकडच्या लेण्यांशी ताडून बघ. वेरूळच्या किंवा घारापुरीच्या कारागिरांनी हाच दगड घेतला, पण त्यांना हवा होता सलग, जाड, भेगा कमी असलेला थर. तसा थर निवडता आला म्हणून खांब, मूर्ती, छत टिकलं. समुद्राने नेमका उलटा दगड निवडला. जिथे भेगा जास्त तिथे त्याचं काम सोपं. तिकडे माणसाने खांब कोरून उभे केले, इथे खांब आधीच होते, समुद्राने ते काढून पोकळी केली. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली असं आपल्याकडे सांगतात, तसं इथे फिन मकूल नावाच्या राक्षसाने आयर्लंडपासून समुद्रात दगडी वाट बांधली असं सांगतात. गुहेच्या नावातला फिंगल म्हणजे तोच. आयर्लंडच्या किनाऱ्यालाही असेच खांब आहेत, त्यामुळे गोष्ट रचणाऱ्याचं निरीक्षण पक्कं होतं.

धक्क्याजवळ आलो तेव्हा खडकावर पांढरा फेस किती उंच चढतो ते आई एकटक बघत होती. "उतरवतील," म्हणाली. दोन मिनिटांनी नावाड्यानेही तेच जाहीर केलं. माझा जीव भांड्यात पडला.

गुहेकडे जायची वाट म्हणजे तुटलेल्या खांबांचे माथे. एका बाजूला कातळ आणि त्याला ठोकलेली धरायची तार, दुसऱ्या बाजूला समुद्र. प्रत्येक माथा थोडा खोलगट किंवा थोडा फुगीर. खोलगट माथ्यांत पाणी साठलेलं आणि कडेने मिठाची पांढरी रेघ. मी एका ठिकाणी वाकून ते मीठ बोटाने खरवडत होतो, तर मागून आवाज आला, "दर्याक पाठ करू नकोस!" बाई रागावली की मालवणीत जाते आणि मला अरेतुरे करते. मी निमूट वळलो.

तोंडाशी गुहा वीसेक मीटर उंच आहे, आत सत्तर-एक मीटर खोल. आपण शेवटपर्यंत जात नाही, एका कडेने आत थोडं जाऊन उभं राहायचं. खाली पाणी हिरवं. पाण्याच्या रेषेपाशी खांबांवर गुलाबीसर शेवाळाचा थर आणि कालवांसारखी बारीक शिंपलं चिकटलेली. वर छताला तुटलेल्या खांबांची टोकं, त्यांच्या फटींतून पिवळट काहीतरी झिरपलेलं. लाट आत येते तेव्हा आवाज लगेच होत नाही. ती आपल्यासमोरून जाते, अंधारात दिसेनाशी होते, आपण पुढचं बोलायला लागतो आणि तेवढ्यात आतून तो दणका येतो. छातीत बसतो. सईने आधी कान झाकले, मग प्रत्येक लाटेबरोबर "आता, आता, आता... आलाऽऽ!" करायला लागली. एक जपानी आजोबाही तिच्याबरोबर मोजायला लागले, दोघांची भाषा कसली जुळतेय! आई खांबाला टेकून बसून राहिली. मी विचारलं काय वाटलं, तर म्हणाली, "आमच्याकडे समुद्र एवढा घरात शिरत नाही."

१७७२ मध्ये जोसेफ बँक्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आइसलँडला जाता जाता इथे थांबला, त्याने गुहा मोजली आणि इंग्रजांना तिची खबर दिली. म्हणे त्याने शोध लावला! आसपासच्या बेटांवरची माणसं या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या घालत होती, त्यांना काय ती दिसली नसेल? आता बेटावर कोणी राहत नाही. १९८६ पासून ते स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. वर एक टपरी नाही, कचऱ्याचा डबा नाही, फोटो काढून देणारा नाही. मला हे फार आवडलं. आईला चहा हवा होता.

मग पायऱ्या चढून माथ्यावर गेलो पफिन बघायला. सईने तुला सांगितलंच असेल, तरी एक गोष्ट तिने सांगितली नसणार. पक्षी कबुतराएवढा, चोच रंगवल्यासारखी, मातीत बीळ करून एकच अंडं घालतो. आम्ही पोचलो तेव्हा कड्यावर एकही नव्हता, सगळे खाली पाण्यात. माणसं गवतात बसली तसे एकेक येऊन उतरायला लागले, अगदी हातभर अंतरावर. कारण माणसं बसलेली असली की समुद्री कुरव जवळ येत नाहीत आणि पफिनच्या चोचीतले मासे वाचतात. आपण त्यांना बघायला आलो असं आपल्याला वाटतं, त्यांच्या लेखी आपण राखणदार. एकाच्या चोचीत चार-पाच चंदेरी मासे आडवे धरलेले होते. तो माझ्या बुटापाशी उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि बिळात शिरला. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो.

बेटावर साधारण तासभर मिळतो. आमचा तास पुरा व्हायच्या आधीच भोंगा वाजला, लाट वाढत होती. धावपळ करत उतरलो. बोटीत पाय ठेवताना नावाडी हाताला धरतो आणि लाट वर आली की "आता" म्हणतो, तेव्हाच पाऊल टाकायचं, विचार करत बसायचं नाही. परतीला मी डोळे मिटून पडलो. आई मात्र सगळा वेळ बाहेर उभी.

तर आता तुझं. दिवाळीत येऊ नकोस. ऑक्टोबर संपता संपता या बोटी बंद होतात, दिवस लहान होतो आणि समुद्र खवळलेला असतो. पफिन तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच निघून गेलेले असतात. मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत ये, रात्री दहापर्यंत उजेड असतो. बोटीसाठी एकच दिवस धरू नकोस, मलवर निदान दोन-तीन रात्री मुक्काम ठेव, म्हणजे एक दिवस हवेने खाल्ला तरी दुसरा हाताशी राहतो. बुटांचे तळ झिजलेले नकोत. व्हिसाला वेळ लागतो, कागद जानेवारीतच गोळा कर आणि रजेचं साहेबाच्या कानावर आत्ताच घालून ठेव. आलेपाक आई बांधून देईल, तो तुला लागणारच. तू समुद्राच्या बाबतीत माझ्यावर गेला आहेस.

तुझा,
बाबा