खांबाआडचं तिकीट

बर्मिंगहॅम, सोमवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले. परवा दादाने मला वूस्टरला नेलं. (लिहितात वॉर्सेस्टर, मधलं सगळं गिळतात.) तिथे थ्री क्वायर्स फेस्टिव्हल चालू आहे, तीन क्वायरांचा म्हणजे समूहगायकांच्या ताफ्यांचा संगीत महोत्सव. वूस्टर, हेरफर्ड आणि ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलांत, म्हणजे मोठ्या चर्चांत, दर उन्हाळ्यात आळीपाळीने भरतो. २०१५ साली त्याची तीनशे वर्षं साजरी झाली. म्हणजे सुरुवात आपल्या बाळाजी विश्वनाथाच्या काळातली!

आमची तिकिटं स्वस्तातली, खांबाआडची. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हाताने ताल देणाऱ्या कंडक्टरचा फक्त हात दिसायचा, तोही मधूनच. एल्गार या इंग्रज संगीतकाराचं 'ड्रीम ऑफ गेरॉन्शियस' होतं. एक म्हातारा मरतो आणि पुढे त्याच्या आत्म्याचं काय होतं, अशी दीड तासाची गाऊन सांगितलेली गोष्ट. एल्गार याच गावात वाढला, वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. १८८४ साली द्वोर्झाक हा चेक संगीतकार इथे आपलं 'स्टाबाट माटर' हे धार्मिक समूहगान घेऊन आला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा एल्गार मागे व्हायोलिन वाजवत बसला होता. आणि १९०२ साली 'गेरॉन्शियस' इथे झालं ते त्यातले कॅथलिक वळणाचे शब्द गाळून, कारण हे कॅथीड्रल कॅथलिकांचं नाही, अँग्लिकन पंथाचं. सोवळं सगळीकडे सारखंच.

पण मला सांगायचंय ते क्वायरबद्दल. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचा नवरा बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खर्ज आवाजांत, गात होता. आयुष्यभर नळदुरुस्ती केली म्हणे, आणि दर आठवड्याला तालमीला जातो. मी विचारलं, एवढा लांब स्वर धरताना दम कसा पुरतो? त्या हसल्या. पुरत नाहीच! सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, एवढंच. एकाने सोडला की शेजारचा धरून ठेवतो, मग पहिला हळूच परत शिरतो. दुसऱ्या भागात सगळा क्वायर 'प्रेझ टु द होलिएस्ट' म्हणत उसळला, तेव्हा मी तो सांधा शोधत होते. सापडला नाही. बसल्या खुर्चीचं लाकूड मात्र थरथरत होतं.

आणि तू आठवलीस. सातवीत क्लासच्या बाई म्हणाल्या, "आवाज पातळ आहे, बैठकीचा नाही." त्यांना काय बोलायचं, पेटी आत्याकडे मीच पाठवली. गाणं म्हणजे एकटीने पुढे बसून गायचं, एवढंच डोक्यात. आजीच्या भजनात मागे धरणाऱ्या बायका रोज ऐकत होते, पण त्याला गाणं म्हणायचं कधी सुचलंच नाही. तिथल्या आल्टोंत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजांत, तुझ्यासारखे पातळ आवाज किती असतील, कोण जाणे.

दादा परतीच्या गाडीत घोरत होता. त्याला कार्यक्रम आवडला, असं तो म्हणतो.

पेटी अजून आत्याकडेच आहे, मी कालच विचारलं. भाता फाटलाय. रविवारी जाऊन घेऊन ये आणि दुरुस्तीला टाक, पैसे मी आल्यावर देते.

तुझी,
आई