गुलाबी रेघांचा ग्लास

काका, नमस्कार.

जुलैच्या शेवटी, मासेमारी बंदीचे दोन महिने सरत आले असताना, भिजलेल्या पिशवीतून फायबरचा सोललेला तुकडा घेऊन तुमच्या कुडाळच्या दुकानात एक मालवणवाला शिरला होता. तो मी.

होडीच्या बुडाला खडकाने पाडलेलं तळहाताएवढं भोक तोवर दोनदा बुजवून झालं होतं. एका दुकानदाराने मोटारीच्या डेंटिंगची पुट्टी गळ्यात मारली. ती पाणी पिऊन सुटली. दुसऱ्याने इपॉक्सी दिलं, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, सोबत साधी मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांची चटई, आणि वर सल्ला फुकट: "हार्डनर जरा जास्त घाला, लवकर सुकेल." सुकलंच नाही. चिकट राहिलं आणि मॅटचे धागे पांढरे ते पांढरेच. तक्रार केली तर म्हणे, तुमचा हात बसलेला नाही!

तुम्ही हसला नाहीत. तुकडा नखाने उकललात आणि म्हणालात, "ह्या मॅटीतलो डिंक पॉलिस्टर रेझिनातच इरघळता. इपॉक्सी बरा आसा, जोडीदार चुकलो." मी नवं रेझिन घ्यायला पाच हजार घेऊन आलो होतो. तुम्ही विकलंत काय, तर दोन मीटर विणलेलं कापड. घरातलं इपॉक्सीच वापर म्हणालात. अडलेल्या गिऱ्हाइकाला कमी विकणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण डोक्यातून जात नाही तो प्लास्टिकचा ग्लास. डब्याच्या फोटोवरचं प्रमाण तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचलंत, दोनास एक. झाकणाने मोजून ग्लासात पाणी ओतलंत, नातीचं गुलाबी नेलपॉलिश मागवलंत आणि बाहेरून दोन रेघा मारल्यात. खालच्या रेघेपर्यंत रेझिन, तिथून वरच्या रेघेपर्यंत हार्डनर, थेंब जास्त नको. मग रेघा वाळेस्तोवर फुंकर घालत बसलात. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली.

जुनं सगळं घासून काढलं. भोकाच्या कडेने पाच मिलीमीटर जाडीला सहा सेंटीमीटर उतार दिला, तुम्ही सांगितलात तसा. सुकलेल्या इपॉक्सीवर आलेला मेणचट थर पाण्याने धुतला, जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराच्या, नादी न लागता रंग लावला.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात आहे. पहिला आठवडा रोज फळी उचलून बूड चाचपायचो. कोरडं.

ग्लास परत करायचा राहिलाय. पुढच्या आठवड्यात बांगड्यांसकट आणतो. नको म्हणू नका.